छोट्या लेथवर 'पार्टिंग' करताना टूल का अडकतं? धातू स्वच्छ कापण्यामागचं साधं गणित

२५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी बारमधून एक बुश बनवायचं आहे. बाहेरचा व्यास मापात आला, मधलं भोक पाडून रीमर फिरवून झाला, कडाही मारून झाल्या. आता एकच काम उरलं आहे. तयार झालेलं बुश उरलेल्या बारपासून वेगळं करायचं. टूल आत जायला लागतं, थोडा वेळ सगळं ठीक चालतं, मग अचानक कर्कश आवाज येतो, 'खाड्' असं काहीतरी होतं आणि लेथ जागीच थांबतो. टूलचं टोक तुटलेलं, जॉब चकमध्ये वाकडा झालेला आणि तासाभराची मेहनत वाया.

घरी छोटा लेथ घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. टर्निंग जमतं, फेसिंग जमतं, ड्रिलिंग तर सोपंच वाटतं, पण पार्टिंग म्हटलं की हात थरथरतो. अनेक जण मग पार्टिंग टूल कायमचं खणात टाकून देतात.

खरं तर या अडकण्यामागे ठराविक कारणं आहेत. ती समजली की हेच काम शांतपणे होतं. त्यासाठी महागडा लेथ लागतोच असं नाही.

पार्टिंग म्हणजे नेमकं काय?

लेथमध्ये जॉब फिरतो आणि टूल स्थिर असतं. टर्निंग करताना टूल जॉबच्या लांबीच्या दिशेने सरकतं आणि वरचा थर सोलून काढतं. पार्टिंगमध्ये मात्र पातळ पट्टीसारखं टूल जॉबच्या बाजूने थेट मध्याकडे ढकललं जातं. त्यामुळे एक अरुंद खाच पडते. ही खाच खोल होत होत मध्यापर्यंत पोहोचली की तुकडा गळून पडतो.

वायसर, स्पेसर, बुश, नॉब, छोट्या पुली असे भाग एकाच बारमधून एकामागून एक काढायचे असतील, तर पार्टिंगला पर्याय नाही. कारखान्यात हे दिवसातून शेकडो वेळा होतं. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकणाऱ्या मुलांनाही ते शिकवलं जातं. मग घरच्या लेथवरच ते इतकं का नडतं?

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण म्हणजे लेथचं वजन. टेबलावर मावणारा, 'मिनी लेथ' म्हणून विकला जाणारा लेथ साधारण ४० किलोच्या आसपास असतो. वर्कशॉपमधला लेथ कित्येकशे किलोंचा, कधी टनाच्याही वर असतो. वजन जास्त म्हणजे बिडाचा बेड जाड, स्लाइड रुंद आणि स्पिंडल भक्कम. जो दाब मोठा लेथ सहज पचवतो, त्याच दाबाने छोटा लेथ किंचित वाकतो. डोळ्यांना हे वाकणं दिसत नाही, पण टूलच्या टोकाला ते जाणवतं.

दुसरी अडचण टूलची. टर्निंग टूल जाड आणि आखूड असतं. पार्टिंग ब्लेड दीड ते तीन मिलिमीटर रुंद असतं आणि खोल जायचं म्हणून ते लांब बाहेर काढावं लागतं.

तिसरी अडचण चिपची, म्हणजे निघणाऱ्या धातूच्या कीसाची. टर्निंगमध्ये चिप मोकळ्या हवेत उडून जाते. पार्टिंगमध्ये ती टूलइतक्याच रुंदीच्या खाचेत तयार होते आणि तिला बाहेर पडायला वरचा एकच रस्ता असतो. खाच जितकी खोल, तितका हा रस्ता लांब. चिप मध्येच अडकली की पुढची चिप तिच्यावर चढते आणि काही क्षणांत टूल खाचेत आवळलं जातं.

टूल आत ओढलं का जातं?

सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार हाच. बहुतेकांना वाटतं, आपण जास्त जोर लावला म्हणून टूल तुटलं. प्रत्यक्षात पुष्कळदा टूल स्वतःच जॉबमध्ये घुसलेलं असतं.

नेहमीच्या पद्धतीने टूल समोरच्या बाजूला, म्हणजे लेथ चालवणाऱ्याकडे बसवलेलं असतं. तिथे जॉबचा पृष्ठभाग वरून खाली येतो. त्यामुळे टूलच्या टोकावर खाली दाबणारं बल येतं आणि जॉबवर तेवढंच बल वरच्या दिशेने येतं. स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर जॉब उचलला जातो. स्लाइडमध्ये ढिलाई असेल तर अख्खं टूलपोस्ट पुढे झुकतं. टूलपोस्ट ज्या बिंदूभोवती झुकतं तो बिंदू टूलच्या टोकापेक्षा खाली असतो. त्यामुळे झुकताना टोक फक्त खाली जात नाही, ते जॉबच्या दिशेने पुढेही सरकतं.

पुढे सरकलं की काप जाड होतो. काप जाड झाला की बल वाढतं. बल वाढलं की टूलपोस्ट आणखी झुकतं. हे चक्र सुरू झालं की अर्ध्या सेकंदात सगळं संपतं. जॉब टूलवर चढू पाहतो आणि मग टूल तुटतं, जॉब चकमधून निसटतो किंवा मोटर जागच्या जागी थांबते.

म्हणजे मूळ प्रश्न ताकदीचा कमी आणि ढिलाईचा व लवचिकपणाचा जास्त आहे. पार्टिंगची जवळजवळ सगळी तयारी या एका गोष्टीसाठी असते: जे जे हलू शकतं, ते हलू द्यायचं नाही.

लांबी दुप्पट, वाकणं आठपट

एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाला दाबली तर ती किती वाकेल, हे तिच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट झाली तर वाकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं. तिप्पट झाली तर सत्तावीसपट.

हा नियम पार्टिंग ब्लेडला लागू होतो आणि चकमधून बाहेर आलेल्या बारलाही. २५ मिलिमीटर व्यासाचा बार कापायचा असेल तर टूलला फक्त त्रिज्येइतकं, म्हणजे साडेबारा मिलिमीटर आत जायचं असतं. थोडी मोकळीक धरून ब्लेड १५ मिलिमीटर बाहेर असलं तरी पुरतं. ते 'असू दे' म्हणून ३० मिलिमीटर बाहेर काढलं, तर तेच ब्लेड आठपट जास्त वाकेल.

बारच्या बाबतीतही असंच. काप चकच्या जॉजपासून जमेल तितका जवळ घ्यायचा. अर्थात फिरणारे जॉज टूलपोस्टला लागणार नाहीत एवढं अंतर ठेवायलाच हवं. मोटर सुरू करण्याआधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते पाहून घ्यावं.

सुरू करण्याआधी काय तपासावं?

*स्लाइडचे जिब.* क्रॉस स्लाइड आणि कम्पाउंड स्लाइड यांच्या बाजूला जिब नावाची पट्टी असते. तिचे स्क्रू आवळून स्लाइडची ढिलाई काढता येते. हँडल किंचित जड फिरेल, पण अडकणार नाही, इतपत आवळलेलं असावं.

*कम्पाउंड आणि कॅरेज.* पार्टिंगमध्ये फक्त क्रॉस स्लाइड चालते. बाकीचं सगळं लॉक करायचं. कॅरेज लॉक केला नसेल तर तो हळूच डावी-उजवीकडे सरकतो, ब्लेड खाचेच्या भिंतीला घासतं आणि अडकतं. कम्पाउंड स्लाइड शक्य तितकी मागे घेऊन तिचा जिब आवळून ठेवावा. काही हौशी कारागीर कम्पाउंड काढून त्या जागी लोखंडाचा एक भरीव ठोकळाच बसवतात. लवचिक असलेला एक सांधा त्यामुळे कमी होतो.

*टूलची उंची.* टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या बरोबर उंचीवर हवं. टोक वर असेल तर धार कापण्याऐवजी तिच्याखालचा भाग घासतो. खाली असेल तर जॉब टूलवर चढू पाहतो आणि शेवटी मध्यावर एक बोंड शिल्लक राहतं. तपासायची सोपी युक्ती आहे. लेथ बंद असताना टूलचं टोक आणि गोल बार यांच्यामध्ये स्टीलची पातळ पट्टी हलकेच धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचं वरचं टोक चालवणाऱ्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर टूल वर आहे. मग टूलखाली पत्र्याचे पातळ तुकडे घालून किंवा काढून उंची जुळवायची.

*काटकोन.* ब्लेड जॉबच्या अक्षाला काटकोनात नसेल तर खोल जाताना ते एका भिंतीला टेकतं. ब्लेडची सपाट बाजू चकच्या तोंडाला टेकवून, फट राहत नाही ना हे बघून टूलपोस्ट आवळला तर हा दोष राहत नाही.

*माप.* ब्लेडची रुंदी मापात धरायला विसरणं ही नेहमीची चूक. ब्लेडची डावी बाजू जॉबच्या उजव्या तोंडाला टेकवली आणि भाग २० मिलिमीटर लांब हवा असेल, तर कॅरेज २० मिलिमीटर नाही, २० अधिक ब्लेडची रुंदी एवढा डावीकडे न्यायचा. ब्लेड २ मिलिमीटरचं असेल आणि नंतर फेसिंगसाठी अर्धा मिलिमीटर ठेवायचा असेल तर एकूण साडेबावीस मिलिमीटर.

धार कशी असावी?

घरच्या लेथसाठी एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं ब्लेड बरं पडतं. ते ग्राइंडरवर पुन्हा पुन्हा धारेला लावता येतं, कमी वेगात चालतं आणि छोटासा धक्का सहन करतं. कार्बाइडचे इन्सर्टही छान कापतात. त्यांच्या तोंडावरचा खास आकार चिपला वळवून अरुंद करतो, त्यामुळे ती खाचेतून सहज निघते. पण कार्बाइड ठिसूळ असतं. ढिल्या लेथवर त्याचा कपचा उडायला वेळ लागत नाही.

ब्लेड किती रुंद असावं? कापायला लागणारं बल साधारण रुंदीच्या प्रमाणात वाढतं. ३ मिलिमीटरच्या ब्लेडला २ मिलिमीटरच्या ब्लेडपेक्षा दीडपट बल लागतं. म्हणून छोट्या लेथवर दीड ते दोन मिलिमीटरचं ब्लेड सोयीचं. फार पातळ ब्लेड मात्र खोल खाचेत बाजूला वळतं.

ब्लेडच्या पुढच्या तोंडाला खालच्या बाजूने सहा-आठ अंशांचा उतार हवा, म्हणजे धारेखालचा भाग जॉबला घासत नाही. बाजूनेही ब्लेड धारेपाशी सर्वांत रुंद आणि मागे व खाली किंचित निमुळतं असावं. लोखंड आणि ॲल्युमिनियमसाठी वरच्या बाजूला थोडा उतार चालतो. पितळेसाठी वरची बाजू सपाटच ठेवावी, कारण उतार दिला की पितळ टूलला आत खेचतं.

काही जण पुढची धार सरळ न ठेवता किंचित तिरकी घासतात आणि उजवं टोक थोडं पुढे ठेवतात. त्यामुळे तयार भाग आधी सुटतो आणि मधलं बोंड चकमधल्या बारवर राहतं. उथळ कापासाठी ही युक्ती चांगली आहे. खोल कापात मात्र तिरकी धार ब्लेडला एका बाजूला ढकलते आणि कापलेलं तोंड सपाट न येता वाकडं येतं. तिथे सरळ धारच बरी.

वेग किती ठेवायचा?

कापण्याचा वेग म्हणजे जॉबचा पृष्ठभाग मिनिटाला किती मीटर धारेसमोरून जातो ते. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला ३.१४ ने आणि आरपीएमने गुणायचं, मग १००० ने भागायचं.

एचएसएस टूलने साधं लोखंड, म्हणजे एमएस, टर्न करताना २५ ते ३० मीटर हा वेग सर्रास वापरतात. पार्टिंगला त्याच्या निम्मा वेग ही चांगली सुरुवात आहे. १२ मीटर धरले तर २५ मिलिमीटरच्या बारसाठी आरपीएम येतो सुमारे १५०. बार १२ मिलिमीटरचा असेल तर सुमारे ३२०. पितळ आणि ॲल्युमिनियम याच्या दुप्पट-तिप्पट वेगानेही कापता येतं.

इथे एक गंमत आहे. आरपीएम तोच राहिला तरी टूल आत जाईल तसा व्यास कमी होतो आणि कापण्याचा वेगही घटत जातो. १५० आरपीएमवर २५ मिलिमीटरला सुमारे १२ मीटर असलेला वेग १० मिलिमीटर व्यासावर पाच मीटरच्याही खाली येतो. अगदी मध्यावर तर तो शून्य होतो. म्हणून शेवटचा ठिपका कापला जात नाही, तुटतो आणि बोंड राहतं. भागाला मधे भोक असेल तर हा प्रश्नच येत नाही.

मिनी लेथला गिअरचे किंवा बेल्टचे दोन टप्पे असतील तर कमी वेगाचा टप्पा निवडावा. फक्त नॉब फिरवून वेग कमी केला तर मोटरची ताकदही कमी पडते आणि काप चालू असताना ती अडखळते.

भीतीने दिलेला फीड सर्वांत वाईट

पार्टिंग करताना बहुतेक जण एकच गोष्ट करतात. थोडं आत, थांब, जरा मागे, पुन्हा थोडं आत. यामागे काळजी असते, पण परिणाम उलटा होतो.

धार सतत आत जात असेल तर ती चिप काढते. फीड थांबला की धार जॉबवर नुसती घासते. घासण्याने उष्णता वाढते, धार बोथट होते आणि ब्लेड थरथरू लागतं. हा थरथराट म्हणजेच 'चॅटर'. स्टेनलेस स्टीलमध्ये तर घासलेला पृष्ठभाग कडक होऊन बसतो आणि पुढचा काप आणखी अवघड होतो.

फीड किती असावा याचा अंदाज आकड्यांत घेता येतो. एका फेऱ्याला सुमारे ०.०४ मिलिमीटर धरू. १५० आरपीएमला ते मिनिटाला ६ मिलिमीटर होतं. क्रॉस स्लाइडचं हँडल एका फेऱ्याला १ मिलिमीटर सरकत असेल, तर मिनिटाला सहा फेरे, म्हणजे दहा सेकंदांत एक फेरा. २५ मिलिमीटरचा भरीव बार कापायला या हिशोबाने दोन मिनिटांच्या आसपास लागतात. बहुतेक मिनी लेथच्या क्रॉस स्लाइडला ऑटो फीड नसतो, त्यामुळे ही लय हातानेच सांभाळावी लागते. दोन्ही हातांनी हँडल सावकाश, पण न थांबता फिरवलं तर ती जमते.

चॅटर सुरू झाला तर? पहिली प्रतिक्रिया फीड कमी करण्याची असते. ते टाळावं. आधी आरपीएम कमी करावा आणि फीड तसाच ठेवावा किंवा किंचित वाढवावा. त्यानेही थांबलं नाही तर टूल बाहेर घेऊन लेथ बंद करावा आणि धार, उंची व जिब पुन्हा तपासावेत.

तेल लावायचं की नाही?

लोखंड आणि स्टेनलेससाठी कटिंग ऑइल हवंच. ते ब्रशने सतत खाचेत सोडत राहावं, पण ब्रशचे केस खाचेत शिरू देऊ नयेत. ॲल्युमिनियम धारेला चिकटतं आणि चिकटलं की काप बिघडतो. त्यासाठी पातळ तेल किंवा थोडं रॉकेल वापरतात. रॉकेल पेट घेऊ शकतं, त्यामुळे जवळ ग्राइंडरच्या ठिणग्या किंवा सिगारेट नको. पितळ आणि बीड कोरडंच कापतात.

बार जाड असेल तर?

खाच दहा-बारा मिलिमीटरपेक्षा खोल जाणार असेल, तर ब्लेडइतक्याच रुंदीची खाच धोक्याची ठरते. उपाय सोपा आहे. चार-पाच मिलिमीटर आत जायचं, टूल पूर्ण बाहेर घ्यायचं, कॅरेज अर्धा मिलिमीटर बाजूला, उरलेल्या बारच्या दिशेने सरकवून पुन्हा लॉक करायचा आणि तेवढंच आत जायचं. मग पहिल्या जागी परत येऊन आणखी खोल. खाच ब्लेडपेक्षा रुंद झाली की ब्लेडला श्वास घ्यायला जागा मिळते आणि चिपही मोकळी निघते. थोडा धातू जास्त वाया जातो, पण तयार झालेला भाग वाया जाण्यापेक्षा ते परवडतं.

याच वेळी आणखी एक काम उरकता येतं. खाच दोन मिलिमीटर खोल झाली की टूल बदलून खाचेच्या उजव्या बाजूची कड मारून घ्यायची. मग कापलेल्या भागाची ती कड हाताने घासावी लागत नाही.

टूल मागच्या बाजूला लावण्याची युक्ती

ब्रिटनमध्ये घरच्या घरी वाफेची छोटी इंजिनं बनवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. त्यांच्यासाठीचं 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक १८९८ मध्ये सुरू झालं. मायफर्डसारखे छोटे लेथ तिथल्या घरोघरच्या शेडमध्ये असत आणि पार्टिंगचा त्रास तिथेही होताच. त्यावर या मंडळींनी वापरलेला एक उपाय म्हणजे मागचं टूलपोस्ट. त्या मासिकात लिहिणारे जॉर्ज एच. थॉमस यांचं या प्रकारचं टूलपोस्ट हौशी कारागिरांमध्ये आजही बनवलं जातं.

यात क्रॉस स्लाइडच्या पलीकडच्या टोकाला वेगळं, भक्कम टूलपोस्ट बसवतात आणि ब्लेड त्यात उलटं, धार खाली करून लावतात. लेथ नेहमीच्याच दिशेने फिरतो. मागच्या बाजूला जॉबचा पृष्ठभाग खालून वर जातो, त्यामुळे टूल वर ढकललं जातं आणि जॉब खाली, स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये दाबला जातो. टूलपोस्ट वाकलंच तर टोक जॉबपासून दूर जातं. म्हणजे समोरच्या टूलला आत ओढणारं चक्र इथे उलटं फिरतं. शिवाय चिप खाली गळून पडते. मधे कम्पाउंड स्लाइड नसल्यामुळे मजबुतीही वाढते.

काही जण मग समोरच्याच टूलपोस्टमध्ये ब्लेड उलटं लावून लेथ उलट्या दिशेने फिरवतात. ज्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असतो, तिथे हे धोक्याचं आहे. उलट फिरताना कापण्याच्या दाबाने असा चक सैल होऊन निघून येऊ शकतो. चक बोल्टने बसवलेला असेल तरच हा विचार करावा.

लेथ काय सांगतोय ते ओळखा

- कर्कश किंचाळणारा आवाज: वेग जास्त, फीड कमी किंवा ब्लेड फार बाहेर.
- भुकटीसारखा कीस: धार बोथट आहे किंवा फीड फार कमी. बीड आणि पितळ याला अपवाद, त्यांची चिप तशीच बारीक निघते.
- सलग गुंडाळलेली चिप आणि शांत सळसळ: सगळं बरोबर चाललं आहे.
- कापलेलं तोंड मधे फुगीर किंवा खोलगट: ब्लेड काटकोनात नाही किंवा धार तिरकी आहे.
- मध्यावर मोठं बोंड: टूल खाली बसलं आहे.
- तेलाचा धूर: वेग कमी करावा, तेल वाढवावं आणि धार तपासावी.

या चुका हाताशी येऊ शकतात

सुटणारा भाग हाताने झेलायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. भागाला भोक असेल तर टेलस्टॉकमधल्या ड्रिल चकमध्ये एक सळई धरून ती भोकात सैलसर घालून ठेवावी. भाग सुटला की तो सळईवर लटकतो. भोक नसेल तर खाली कापड न ठेवता एखादा ट्रे ठेवावा. कापड चकमध्ये गुंडाळलं जाऊ शकतं.

टेलस्टॉकच्या सेंटरने आधार दिलेला जॉब पूर्ण कापू नये. सुटता क्षणी तुकडा सेंटर आणि ब्लेड यांच्यामध्ये तिरका होऊन आवळला जातो. अशा वेळी मधे थोडा भाग शिल्लक ठेवून थांबावं आणि उरलेलं करवतीने कापावं.

हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, अंगठी, कडं, मनगटावरचा धागा यांपैकी काहीही फिरत्या चकजवळ नको. लांब केस बांधलेले हवेत. डोळ्यांवर चष्मा हवाच. चिप ब्लेडइतकी धारदार असते, ती लेथ बंद करून हुकने किंवा ब्रशनेच काढायची. चकची चावी चकमध्ये विसरू नये. आणि टूल अडकलंच तर आधी मोटर बंद करायची. मग चक हाताने उलटा फिरवत टूल हळूच मागे घ्यायचं.

करवत वापरली तर बिघडलं कुठे?

कधी कधी पार्टिंग न करणं हेच शहाणपणाचं असतं. ४०-५० मिलिमीटरचा भरीव लोखंडी बार मिनी लेथवर पूर्ण पार्ट करण्याचा अट्टहास धरण्यापेक्षा आधी पाच-सहा मिलिमीटर खाच घ्यावी, लेथ बंद करून प्लग काढावा, बेडवर लाकडी फळी ठेवावी आणि त्या खाचेत हॅक्सॉ घालून हाताने काप पूर्ण करावा. खाचेमुळे करवत सरळ जाते, फळीमुळे बेडला ओरखडा पडत नाही. मग तुकडा उलटा धरून फेसिंग केलं की तोंड आरशासारखं येतं. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

ज्यांना पार्टिंगच शिकायचं आहे, त्यांनी सुरुवात १०-१२ मिलिमीटरच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या सळईपासून करावी. तयार भागावर नाही, उरलेल्या तुकड्यावर. चार-पाच चकत्या कापून झाल्या की हाताला फीडची लय कळते आणि कानाला आवाजातला फरक. मग तेवढ्याच जाडीचं एमएस, आणि त्यानंतर २५ मिलिमीटरचा बार.

ब्लेड आखूड, काप चकजवळ, टूल मध्यावर, बाकी सगळं लॉक, वेग निम्मा आणि फीड न थांबता. या सहा गोष्टी जुळल्या की पहिल्या प्रसंगातलं ते बुश शेवटच्या क्षणी हातचं जात नाही. 'खाड्' असा आवाज न होता ते सळईवर अलगद येऊन थांबतं.